विंचवाचं विष, डोंगराची वाट आणि एक स्वस्त गोळी

मॅपवर कुडपण शोधा. रायगड जिल्हा, पोलादपूर तालुका, सह्याद्रीच्या ऐन डोंगरात. आजची गोष्ट या महाड-पोलादपूरच्या टापूतली. प्रश्न साधा आहे: दवाखाना सगळ्यांचा आहे, असं आपण म्हणतो म्हणजे नक्की काय म्हणतो?

1923 पासून सुरू करू. त्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपल्याला तो पाण्यापुरताच माहीत असतो. त्याच्या आधारावर महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, पण फक्त कागदावर. ते पाणी प्रत्यक्ष प्यायला 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसोबत तळ्यावर जावं लागलं. पण ठरावातली यादी पूर्ण बघा. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने! सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात अस्पृश्यांना येऊ द्या, हे वेगळं लिहून द्यावं लागत होतं.

हे झालं जातीने अडवलेलं दार. दुसरा अडथळा अंतराचा, आणि तो ठराव करून हटत नाही.

आता थेट 1976. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले, नागपुरात एमबीबीएस केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेले पेशंट त्यांच्यासमोर यायचे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, मग श्वास लागायचा आणि माणूस जायचा. त्यात लहान मुलंही असायची. गावात विंचू उतरवणारे होते, पण पुस्तकात तरी कुठे धड उपचार होता? बावस्कर रात्र रात्र पेशंटजवळ बसून नाडी, बीपी, लक्षणं लिहून ठेवू लागले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

नोंदींमधून चित्र स्पष्ट झालं. विषामुळे शरीरात अॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे माणूस विंचवाच्या विषाने मरतो असं आपण म्हणतो, पण खरं तर त्याचं हृदय हरतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन होतं, पण त्यावर मिनिटामिनिटाला नजर ठेवावी लागते. खेड्यात ते कोण करणार? बावस्कर प्राझोसिनकडे वळले. ही ब्लड प्रेशरची साधी गोळी. तोंडातून द्यायची, स्वस्त, आयसीयूची वाट बघायला नको. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तेही आलं. आधी पश्चिम भारतात गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावायचे. प्राझोसिननंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे असेल, पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट शोधापेक्षा त्याची जागा वाटते. आम्ही लोक सर्व्हर युजरच्या जवळ नेतो, म्हणजे उत्तर यायला वेळ लागत नाही. बावस्करांनी उपचारच पेशंटच्या जवळ नेला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच चालेल असं औषध शोधलं असतं, तर कागदावर ते सगळ्यांसाठीच असतं की! पण विष थांबून राहत नाही. 2011 मध्ये प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर बरे होतात का, याची चाचणी ‘बीएमजे’मध्ये आली. तीही महाडचीच, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत केलेली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. सरकारी निकषाने सपाटीवर 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात 3,000 मागे. आकडा कमी केला हे बरंच, पण त्यात माणसं मोजली जातात, चढ नाही. वाड्या विखुरलेल्या असल्या की 3,000 ची बेरीज होईपर्यंत शेवटच्या घरापासून उपकेंद्र कितीतरी लांब गेलेलं असतं. सह्याद्रीतल्या आडवाटेच्या वाड्यांतून अजूनही पेशंटला झोळीत घालून खाली आणतात, मग पुढे गाडी.

आणि गाडीचा रस्ता तरी कायम असतो का? 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. पोलादपूरकडून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. महाड शहर स्वतःच पुराच्या पाण्यात होतं. म्हणजे एरवी ज्या गावाकडे पेशंट न्यायचा, तिथेच पोचता येत नव्हतं. अशा रात्री कुडपणसारख्या गावात कोणाला लाल विंचू चावला, तर जवळच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात ती गोळी आहे का आणि ती द्यायला तिथे कोणी हजर आहे का, एवढंच बघावं लागतं.