इतिहासकार बाईंची चूक

इतिहास शिकवणाऱ्याने अंतराळयानाच्या गोष्टीवर बोलावे, हे कुणाला चमत्कारिक वाटेल. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. पुढे तिच्या किती शाखा फुटल्या! १९८० नंतर ती आपल्या दूरदर्शननेही दाखवली. घाटकोपरला आमच्या मजल्यावर एका बिऱ्हाडी टीव्ही, आणि समोर सगळी पोरे मांडी घालून.

तिचा फेब्रुवारी १९६७ मधला 'स्पेस सीड' हा भाग परवा पुन्हा पाहिला. यानाला एक जुने भरकटलेले जहाज सापडते. आत दोनशे वर्षे गाढ झोपवलेली माणसे. त्यांचा म्होरक्या खान नूनियन सिंग. उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा, असा तर्क होतो. (भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबन यांची, दाढी नाही, ते असो.) माणसांची निवडक पैदास करून घडवलेला हा अतिमानव. १९९२ ते १९९६ पाव पृथ्वी त्याच्या अमलाखाली होती, अशी लेखकांची कल्पना. ती वर्षे आपण मुंबईत काढली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली, मग १२ मार्चचे बाँबस्फोट. त्याला अतिमानव लागला नाही हो.

पण मला टोचते ती मार्ला मॅकगिव्हर्स. ही यानावरची इतिहासकार. जुन्या पराक्रमी पुरुषांची चित्रे काढते, खानवर भाळते आणि यान बळकावायला त्याला मदत करते. बाईला हसावे, तर कॅप्टन कर्क आणि त्याचे अधिकारी तरी काय करतात? टेबलाभोवती बसून खानचे कौतुक! हुकूमशहा खरा, पण सर्वांत बरा. त्याच्या राज्यात कत्तली नव्हत्या. स्वातंत्र्यही नव्हते, ही आठवण एकटा स्पॉक देतो. बाकीचे गालात हसतात. शेवटी कर्क आरोप मागे घेऊन खानला एका रानटी ग्रहावर सोडतो, आणि बाई त्याच्याबरोबर जातात. १९८२ च्या चित्रपटात तो ग्रह उजाड झालेला आहे, आणि खानची बायको तिथेच मेलेली.

वर्गात नेपोलियन शिकवताना ऑस्टरलिट्झची लढाई आली की मुले सरसावून बसतात, आणि माझाही आवाज चढतो. १८१२ साली रशियाच्या बर्फात मेलेल्या लाखोंपाशी पोचतो, तोवर बहुधा तासाची घंटा झालेली असते.