एक प्रवासी, दोन देश : शहाजहानकालीन हिंदुस्थान व हॉलंड येथील राहणी

शहाजहानाच्या काळचा हिंदुस्थान संपन्न होता कीं दरिद्री होता, हा वाद जुना आहे. संपन्नतेच्या पक्षाचे लोक मयूरासन व ताजमहाल दाखवितात. दारिद्र्याच्या पक्षाचे लोक युरोपियन प्रवाशांचीं वर्णनें पुढें करितात. दोहोंसही पुराव्याचा तुटवडा पडत नाहीं, आणि म्हणूनच वादाचा निकाल लागत नाहीं. आमच्या मतें यांतील मूळ दोष असा कीं, प्रवासी जेव्हां येथील लोकांस गरीब म्हणतो, तेव्हां कोणाच्या मानानें गरीब, हें तो सांगत नाहीं. त्याच्या मनांत स्वदेशाचें एक माप असतें. तें कागदावर उतरत नाहीं. यासाठीं ज्यानें दोन भिन्न देश स्वतः पाहिले व दोहोंविषयीं एकाच हातानें लिहिलें, अशा साक्षीदाराची जबानी प्रथम घेतली पाहिजे. असा एक साक्षीदार उपलब्ध आहे. त्याचें नांव पीटर मंडी.

मंडी हा इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतीं पेनरिन गांवचा राहणारा. इ. स. १६२८ त तो इंग्रज कंपनीचा नोकर म्हणून सुरतेस उतरला व १६३४ त स्वदेशीं परतला. मधल्या काळांत तो सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्यास व आग्र्याहून पाटण्यापर्यंत गेला. पुढें १६४० त त्यानें ॲम्स्टरडॅम पाहिलें. हे सर्व प्रवास त्यानें एका बाडांत लिहून ठेविले व त्यांत स्वतः काढलेलीं चित्रेंही घातलीं. हें हस्तलिखित ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत, रॉलिन्सन संग्रहांत आहे. सर रिचर्ड टेंपल यांनीं हॅक्लुट सोसायटीकरितां तें संपादिलें. हिंदुस्थानाचा भाग १९१४ त व हॉलंडचा भाग १९२५ त निघाला. निरनिराळ्या खंडांत छापल्यामुळें हे दोन भाग क्वचितच शेजारीं ठेवून वाचले जातात. तसें येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नोव्हेंबर १६३० मध्यें मंडी सुरतेहून निघाला तेव्हां गुजराथ, खानदेश व दख्खन येथें भयंकर दुष्काळ पडला होता. त्याची वाट तापीच्या खोऱ्यांतून, नंदुरबारावरून बऱ्हाणपुराकडे जात होती. वाटेंत प्रेतें नग्न स्थितींत, पाय धरून वेशीबाहेर ओढून टाकलेलीं असत, व त्यांनीं अर्धा रस्ता अडलेला असे, असें तो लिहितो. प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणांतून धान्याचे दाणे वेंचून खाणारीं माणसें त्यानें पाहिलीं. श्रीतुकाराममहाराजांच्या चरित्रांत ज्या दुष्काळानें त्यांची प्रथम पत्नी व पुत्र नेल्याची परंपरा आहे, तो शके १५५२ च्या सुमाराचा दुष्काळ हाच होय. एकाच आपत्तीची ही दोन टोकें आहेत, एक खानदेशच्या वाटेवर व दुसरें देहूस. याच सुमारास बादशहाचा तळ दक्षिणेच्या मोहिमेसाठीं बऱ्हाणपुरास पडलेला होता. मुमताज बेगम तेथेंच १६३१ त वारली, आणि पुढें आग्र्यास तिच्या कबरीचें काम चालू असतां मंडीनें तेंही पाहिलें.

आतां दहा वर्षांनंतरचें ॲम्स्टरडॅम पाहूं. तेथें मंडीस सर्वांत नवल वाटलें तें चित्रांच्या आवडीचें. खाटीक व पाववाले हे आपल्या दुकानांत उत्तम चित्रें लावितात, आणि लोहार व चांभार यांच्या भट्टीपाशीं किंवा कामाच्या जागींही एखादें चित्र असतें, असें त्यानें नमूद केलें आहे. सामान्य स्थितीच्या घरांतही सुबक कपाटें, चिनी मातीचीं भांडीं व पक्ष्यांचे मौल्यवान पिंजरे असून घरें अतिशय स्वच्छ असतात, असें तो म्हणतो. हा एकट्याचा भ्रम नव्हे. जॉन एव्हलिन या दुसऱ्या इंग्रज गृहस्थानें १६४१ त रॉटरडॅमच्या जत्रेंत चित्रांचा मोठा बाजार पाहिला, व तेथील शेतकरीही चित्रांत पैसा गुंतवितात असें आपल्या रोजनिशींत लिहिलें आहे.

एकीकडे शेणांतील दाणे व दुसरीकडे लोहाराच्या भट्टीवरील चित्र, एवढ्यावरून निकाल देणें सोपें आहे. परंतु तो न्याय होणार नाहीं. मंडीनें खानदेश पाहिला तो शतकांतील अत्यंत वाईट वर्षीं, आणि हॉलंड पाहिलें तें भरभराटीच्या काळीं. तो चार वर्षें आधीं ॲम्स्टरडॅमास जाता तर तेथेंही त्यास प्रेतेंच दिसतीं. कारण १६३६ त त्या एका शहरांत प्लेगानें सुमारें १७,००० माणसें मेलीं. तेव्हां सामान्य वर्षाची तुलना करावयाची तर दुसरे कागद काढले पाहिजेत.

हिंदुस्थानापुरता सर्वांत चांगला आधार म्हणजे अबुल फज्लचा आईन-इ-अकबरी. हा ग्रंथ मंडीपूर्वीं सुमारें पस्तीस वर्षांचा असला तरी त्यांत मजुरी व भाव दोन्ही एकत्र मिळतात, हा त्याचा दुर्मिळ गुण होय. सरकारी कामावरील अगदीं खालच्या मजुरास रोज २ दाम व पहिल्या प्रतीच्या सुतारास ७ दाम मिळत. ४० दामांचा एक रुपया. गहूं मणास १२ दाम, ज्वारी १० दाम, मीठ १६ दाम आणि तूप १०५ दाम. मण ४० शेरांचा. आतां हिशेब करूं. २ दामांत गहूं ६⅔ शेर, म्हणजे सुमारें ९ पौंड येतो. ज्वारी ८ शेर येते. तूप मात्र पाऊण शेरच येतें. पोटापुरतें धान्य मजुराला मिळे. धान्यापलीकडची प्रत्येक वस्तु त्याला महाग होती. अर्थात् हे भाव बादशाही छावणीचे आहेत. खेड्यांतील मजुराला हेच दर मिळत असतील असें धरून चालतां येत नाहीं.

जहांगीराच्या अखेरीस आग्र्याच्या डच वखारींत असलेला फ्रान्सिस्को पेल्सार्ट यानें १६२६ च्या सुमारास जो वृत्तांत लिहिला, त्याची येथें जोड मिळते. मोरलंड व गाइल यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९२५ त प्रसिद्ध झालें. कारागिरास रोज पांच-सहा टके, म्हणजे चार-पांच स्टायव्हर मिळतात, असें तो सांगतो. स्टायव्हर हें डच नाणें. २० स्टायव्हरचा एक गुल्डेन. त्याच काळीं हॉलंडांत बिनकसबी मजुराला दिवसाला अठरा-वीस स्टायव्हरच्या आसपास पडत. म्हणजे चांदीच्या मापानें डच मजूर हिंदी कारागिराच्या चौपट मिळवी.

परंतु चांदी खातां येत नाहीं. हॉलंडांत चांदी स्वस्त व धान्य महाग. हिंदुस्थानांत याच्या उलट. हा भेद अलीकडील अर्थेतिहासकारांनीं नीट उलगडला आहे. स्टीफन ब्रॉडबेरी व बिष्णुप्रिया गुप्ता यांनीं २००६ त इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या मजुरीचीं दोन मापें मांडलीं. इ. स. १६०० च्या सुमारास चांदीच्या मापानें हिंदी मजुरी इंग्रजी मजुरीच्या पंचमांशाच्या आसपास भरते; धान्याच्या मापानें मात्र तें अंतर पुष्कळच कमी होतें. त्यापूर्वीं १९९८ त प्रसन्नन् पार्थसारथी यांनीं अठराव्या शतकांतील दक्षिण हिंदुस्थानचे विणकर इंग्रज मजुरांच्या बरोबरीचे होते असें प्रतिपादिलें होतें. त्यावर वाद झाला व तो अद्याप चालू आहे. आमच्या दृष्टीनें दोन्ही मापें खरीं आहेत. तीं दोन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. धान्याचें माप पोट भरतें कीं नाहीं तें सांगतें. चांदीचें माप पोट भरल्यावर बाजारांत माणसाची पत किती, तें सांगतें. लोहाराच्या भट्टीवरील चित्र दुसऱ्या मापाचें आहे.

घरांतील वस्तूंकडे वळलें म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. पेल्सार्ट लिहितो कीं, मजुरांचीं घरें मातीचीं व गवतानें शाकारलेलीं असून त्यांत पाण्याचीं व स्वयंपाकाचीं मडकीं आणि नवराबायकोच्या दोन खाटा यांखेरीज सामान जवळजवळ नसतें. अंथरूण-पांघरूण म्हणजे एखादी-दुसरी चादर. अन्न म्हणजे संध्याकाळीं लोणी घालून खिचडी व दिवसा भाजलेले दाणे. हॉलंडच्या घरांविषयीं आपणांस प्रवाशांवर विसंबावें लागत नाहीं. तेथें अज्ञान मुलें मागें ठेवून आईबाप वारल्यास मुलांचा वारसा बुडूं नये म्हणून शहरोशहरीं एक अनाथरक्षक कचेरी असे, व तिच्यासाठीं मृताच्या घरांतील सामानाची यादी होई. भांडीं, चादरी, आरसे, चित्रें, देणें-घेणें, सर्व त्यांत येई. अशा याद्या हजारोंनीं उरल्या आहेत. यान डी व्रीस यांनीं १९७४ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत फ्रीसलंडच्या शेतकऱ्यांच्या घरीं त्या शतकांत वस्तु कशा वाढत गेल्या, हें अशाच याद्यांवरून दाखविलें. मात्र ज्याच्यापाशीं कांहींच नव्हतें त्याची यादीही बहुधा झाली नाहीं. म्हणून डच दारिद्र्य या कागदांत पुरतें उतरलेलें नाहीं, हें विसरतां कामा नये.

मग हिंदी घर रिकामें कां? हवामान हें एक कारण. उष्ण देशांत जाड बिछाने व बंद खोल्या लागत नाहींत. दुसरें, जी शिल्लक पडे ती भिंतीवर न टांगतां अंगावर दागिन्याच्या रूपानें ठेविली जाई, आणि अडचणीच्या वेळीं तीच मोडली जाई. तिसरें कारण पेल्सार्टच सांगतो: अंमलदारांच्या जुलमाची धास्ती. करांचा बोजा हॉलंडांतही भारी होता; दळणापासून बियरपर्यंत सर्वांवर कर असे. परंतु कर देऊन उरलेलें भांडें आपल्या पोरक्या मुलाला मिळेल, याची हमी तेथील कचेरी देत होती. राहणीमानाच्या गणनेंत अशी हमी सहसा धरीत नाहींत. आमच्या मतें ती प्रथम धरली पाहिजे.

वाईट वर्षीं निभावण्याची सोय हीही अशीच एक हमी होय. १६३० च्या सुमारास हॉलंडांतही धान्य फार महागलें होतें. परंतु बाल्टिक किनाऱ्याचें धान्य जहाजांनीं ॲम्स्टरडॅमच्या कोठारांत येई व तेथून कालव्यांनीं गांवोगांव पोंचे. इकडे धान्य हलविणारे बंजारी होते. १६३२ त पाटण्याच्या वाटेवर मंडीस १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. एवढी मोठी वाहतूक पाहून तो थक्क झाला. पण बैल हळू चालतो, वाटेंत त्याला चारा व पाणी लागतें, आणि दुष्काळांत नेमकीं हींच नसतात. शिवाय जेथें बादशाही लष्कर, तेथें धान्याची पहिली ओढ. चांगल्या वर्षीं धान्याच्या मापानें फारसे दूर नसलेले हे दोन देश वाईट वर्षीं एकमेकांपासून कोसों दूर जात. खरें अंतर आम्हांस येथें दिसतें.

आतां संस्कृतीविषयीं. ज्याच्या भिंतीवर चित्र नाहीं तो असंस्कृत, असें अनुमान मंडीच्या वाचकानें काढूं नये. ज्या वर्षांत ॲम्स्टरडॅमचा चांभार चित्र विकत घेत होता, त्याच वर्षांत देहूचा एक वाणी अभंग रचीत होता, व ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही ते गात होते. येथील संस्कृति भिंतीवर नव्हती, कंठांत होती. कंठ मृत्युपत्रांत लिहिला जात नाहीं, म्हणून ती कोणत्याही यादींत सांपडत नाहीं. तथापि गाणें होतें म्हणून भूक नव्हती, असेंही कोणीं म्हणूं नये. ज्यांनीं ते अभंग रचिले त्यांच्याच घरांत माणसें अन्नावांचून गेलीं.

आमच्या संग्राहक मित्रांस याच ठिकाणीं एक विनंति करावयाची आहे. तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या व पुन्हां तरल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. दुसरी आख्यायिका अशी कीं, घरच्या कर्जखतांची आपल्या वांट्याचीं निम्मीं खतें त्यांनीं स्वतःच त्याच नदींत सोडलीं. संताच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. पण आपण संशोधक संत नव्हे. इंद्रायणीकांठच्या शेतकऱ्यानें किती धान्य उसनें घेतलें व काय गहाण ठेविलें, हें तीं खतें सांगतीं. हॉलंडच्या अनाथरक्षक कचेरीच्या यादीला आपल्याकडे जोड नाहीं असें म्हणतात. पण भाऊबंदांचीं वाटणीपत्रें, जप्तीच्या याद्या, रुखवताचीं टिपणें, वाण्याच्या चोपड्या हे कागद दुसरे काय आहेत? एका गांवीं जुनें दप्तर पाहण्यास गेलों असतां यजमानांनीं सनदा व इनामपत्रें रेशमी रुमालांत बांधून आमच्यापुढें ठेविलीं. चोपड्यांविषयीं विचारतां, त्या मागच्याच वर्षीं पुड्या बांधण्यास दिल्या, असें उत्तर मिळालें. सनदेवरून इनामाचा मालक कळला असता. त्याच्या कुळानें काय खाल्लें, हें त्या चोपड्यांवरून कळलें असतें.

कै. वि. द. दिवेकर यांनीं पुणें प्रांतांतील १८०५ ते १८३० या काळच्या भावांचा व मजुरीचा जो अभ्यास केला, त्यावरून असल्या किरकोळ मानलेल्या कागदांतून किती निघूं शकतें हें सिद्धच आहे. मंडीच्या एका बाडावरून आपण दोन देश शेजारीं ठेवूं शकलों. त्यांत हॉलंडची बाजू तेथील लोकांच्या स्वतःच्या कागदांनीं भरून येते. आपली बाजू अद्याप मुख्यतः परक्याच्या साक्षीवर उभी आहे. ही उणीव आपल्याच माळ्यांवर पडलेल्या रुमालांनीं भरून निघणारी आहे. तीं बासनें वाळवी लागण्यापूर्वीं सोडावीं, एवढीच प्रार्थना.