स्पिंडलची आज्ञा : विद्युद्दाबापासून संदेशापर्यंत

संगणकनियंत्रित यंत्रहत्यारात गती दोन प्रकारची असते. एक, टेबल अथवा हत्यार सरकवणारी. आणि दुसरी, कापणारे हत्यार ज्याला बसवलेले असते त्या स्पिंडलच्या फिरण्याची. १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने छिद्रांकित फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. तेव्हापासून या विद्येचा इतिहास बहुधा पहिल्या गतीचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. स्पिंडलला आज्ञा कशी पोहोचते, हा प्रश्न त्यात गौण राहिला. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकाला तोच अधिक उद्‌बोधक आहे.

यंत्राच्या आज्ञावलीत ‘एस’ या अक्षरापुढे वेगाचा आकडा लिहितात. ‘एम ०३’ म्हणजे उजवीकडे फीर, ‘एम ०५’ म्हणजे थांब. आज्ञावली अशी शब्दरूप असली, तरी नियंत्रकापासून मोटारीच्या ड्राइव्हपर्यंतचा अखेरचा टप्पा दीर्घकाळ निःशब्दच होता. तारेतून शून्य ते १० व्होल्ट दाब जाई आणि दाबाच्या प्रमाणात मोटार फिरे. १० व्होल्टांना मिनिटाला २४,००० फेरे असे प्रमाण धरल्यास, तारेत शिरलेला १० मिलिव्होल्टांचा उपद्रवही २४ फेऱ्यांचा फरक पाडतो. शिवाय हा व्यवहार एकतर्फी. आज्ञा पाळली गेली की नाही, हे त्या तारेला सांगता येत नसे.

१९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या नियंत्रकांसाठी ‘मॉडबस’ हा संदेशसंकेत प्रसिद्ध केला. पुढे १९८३ साली दोन तारांमधील दाबाच्या फरकावर चालणारे ‘आरएस-४८५’ हे मानक आले. या जोडीवर असंख्य ड्राइव्ह बोलू लागले. संदेशाची रचना काटेकोर आहे : प्रथम पत्ता, मग क्रियेचा क्रमांक, मग मजकूर, शेवटी तपासणीचे दोन बाइट. क्रियेचे स्थान क्रियापदाचेच म्हणता येईल. ‘३’ म्हणजे वाच, ‘६’ म्हणजे लिही. बोलण्याचा आरंभ फक्त ‘स्वामी’ करतो, ‘दास’ उत्तर देतो. (ही संज्ञा मॉडबस संघटनेने २०२० साली टाकून दिली व ‘ग्राहक-सेवक’ अशा अर्थाचे शब्द स्वीकारले.) दोन संदेशांमध्ये विरामचिन्ह नाही, किमान साडेतीन अक्षरांइतकी शांतता हाच पूर्णविराम. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने व अक्षराला ११ बिट धरून ही शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची होते.

व्याकरण असे सर्वांना समान मिळाले. शब्दकोश मात्र मिळाला नाही. कोणत्या रजिस्टरमध्ये वेग लिहावा व तो कोणत्या एककात, हे ज्या त्या निर्मात्याने ठरवले. ३,००० हा आकडा एका ड्राइव्हला ३०० हर्ट्‌झ वाटतो, तर दुसऱ्याला ३०. म्हणजे दोन ध्रुवांच्या मोटारीत मिनिटाला १८,००० किंवा १,८०० समकालिक फेरे. तिसरा त्याच आकड्याचा अर्थ कमाल वेगाचे ३० टक्के असा घेतो. तपासणीचे बाइट तिन्ही ठिकाणी बिनचूक जुळतात, कारण ती तपासणी रूपाची आहे, अर्थाची नव्हे.

या भाषेची संथ गतीही ध्यानात घ्यावी लागते. वरील वेगाने ८ बाइटांच्या आज्ञेला ९ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो, उत्तराला तितकाच. साध्या वेगबदलाला एवढे पुरते. परंतु आटे पाडताना स्पिंडलचा कोन आणि हत्याराची उतरण यांचा क्षणोक्षणी मेळ लागतो, तेथे ही भाषा अपुरी पडते. अशा कामांसाठी जर्मन यंत्रनिर्मात्यांच्या पुढाकाराने प्रकाशतंतूंच्या वलयावर चालणारे ‘सेर्कोस’ निर्माण झाले व १९९५ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा लाभला.

सर्वांत गंभीर भेद मात्र तार तुटल्यावर प्रकट होतो. जुन्या पद्धतीत वेगाच्या आज्ञेची तार तुटली की सामान्यतः दाब शून्यावर येई आणि स्पिंडल मंदावे. तेथे मौनाचा अर्थ आपोआप ‘थांब’ असा होता. संदेशपद्धतीत ड्राइव्ह शेवटची आज्ञा स्मरणात धरून ठेवतो. नियंत्रक मूक झाला तरी त्याच्या लेखी ‘फीर’ हीच आज्ञा जिवंत असते आणि २४,००० फेऱ्यांनी फिरणारे हत्यार फिरतच राहते. म्हणून अनेक ड्राइव्हमध्ये ठरावीक मुदतीत संदेश न आल्यास काय करावे, याचे एक परिमाण दिलेले असते. ते शून्यावर ठेवले की पुष्कळ ड्राइव्हमध्ये ही राखण बंदच होते. साडेतीन अक्षरांचे मौन पूर्णविराम. त्याहून किती लांबले म्हणजे संबंध तुटला समजायचा, हे मॉडबस सांगत नाही, यंत्र उभारणाऱ्याने ठरवायचे असते. आणीबाणीच्या थांब्याची तार आजही बहुधा या बसपासून वेगळी, सरळ ड्राइव्हपर्यंत ओढतात.