डोंगरातली आई, किनाऱ्यावरचा बाप

काश्मीर किंवा हिमाचलच्या कुरणात घटकाभर बसलेल्या माणसाने पांढरा क्लोव्हर पाहिलेला असतो. नाव ठाऊक नसतं, एवढंच. जमिनीसरशी सरपटत जाणारं, पेरापेराला मुळं धरणारं खोड, लांब देठाच्या टोकाला तीन पर्णिका, बहुतेक पर्णिकांवर फिकट पांढरा कोनाकृती पट्टा आणि वर पांढऱ्या फुलांचा लहानसा गेंद. पत्त्यांतल्या किलवराची तीन पानं ती हीच. महाराष्ट्रात हा क्लोव्हर सहसा भेटत नाही, पण त्याचा भाऊबंद बरसीम आपल्या गोठ्यांच्या ओळखीचा आहे. दोघांचा वंश एक, ट्रायफोलियम.

पांढऱ्या क्लोव्हरला शास्त्रीय नाव मिळालं ते 1753 साली. लिनियसने त्याला ‘ट्रायफोलियम रेपेन्स’ म्हटलं, म्हणजे सरपटणारा त्रिपर्णी. तेव्हाही युरोपात त्याला ओळखत नव्हतं असं कोणी नसेल. तरीही तो आला कुठून, हे ठरवायला पुढची अडीचशे वर्षं लागली. अडचण त्याच्या गुणसूत्रांत होती. या वंशातल्या बऱ्याचशा जातींच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात, पांढऱ्या क्लोव्हरच्या पेशीत 32. म्हणजे कधीतरी दोन वेगळ्या जातींचा संकर झाला असावा आणि दोघांचेही पूर्ण संच एका रोपात राहिले असावेत. मग ते दोघे कोण?

त्यातला एक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि मला या कुळकथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलचा किनारा आहे. तिथल्या कड्यांवर, खाऱ्या वाऱ्याने खुरटलेल्या गवतात एक बारकं क्लोव्हर उगवतं. त्या भागात वनस्पतिशास्त्रज्ञांचा वावर भरपूर होता. पण हे रोप दिसलं की, वाऱ्यामुळे खुजा राहिलेला पांढरा क्लोव्हर, अशी नोंद होऊन विषय संपत असे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड कूम तिथल्याच लिझर्ड द्वीपकल्पाच्या वनस्पतींचा अभ्यास करत होते. त्यांनी 1961 साली ‘वॉट्सोनिया’ या नियतकालिकात दाखवून दिलं की ही स्वतंत्र जाती आहे. नाव दिलं ‘ट्रायफोलियम ऑक्सिडेंटाले’, पश्चिमेकडचं क्लोव्हर. ब्रिटनसारख्या बारकाईने धुंडाळलेल्या देशात, विसाव्या शतकाचा अर्धा भाग उलटल्यावर, पायाखालची एक फुलझाडाची जाती शास्त्राला नवी ठरली.

दोघांतला फरक ओळखायला गुडघे टेकूनच बसावं लागतं. पश्चिमेकडच्या क्लोव्हरच्या पर्णिका लहान, जेमतेम सेंटिमीटरभर, जवळजवळ गोल आणि जाडसर असतात. वरची बाजू निस्तेज गडद हिरवी, खालची मात्र चकचकीत. पांढऱ्या क्लोव्हरवरचा फिकट पट्टा यांवर बहुधा नसतो. सर्वांत भरवशाची खूण उजेडात कळते. ताजं पान प्रकाशासमोर धरलं की पांढऱ्या क्लोव्हरच्या बाजूच्या शिरा पारदर्शक दिसतात, याच्या तशा दिसत नाहीत. देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांवर लालसर झाक असते. फुलं पांढरीच, पण त्यांना वास नाही, आणि ती वसंताच्या सुरुवातीलाच येतात, पांढरा क्लोव्हर बहरायच्या आधी. शिवाय हे झाड स्वतःच्याच परागावर बी धरू शकतं, पांढऱ्या क्लोव्हरला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. आणि गुणसूत्रं 16.

एकदा खूण कळल्यावर ते इतरत्रही सापडत गेलं. सिली बेटं, चॅनल बेटं, वेल्स, आयर्लंडचा आग्नेय किनारा, फ्रान्समधला ब्रिटनी, स्पेनचा वायव्य कोपरा, उत्तर पोर्तुगाल. नकाशावर ही ठिकाणं जोडली तर अटलांटिकच्या काठाने जाणारी एक बारीक रेघ उमटते, आणि त्या रेघेपासून आत ते फारसं जातच नाही. लाटांचे तुषार सोसायची ताकद त्याच्यात आहे. उंच गवताशी झगडायची नाही. खारं वारं आणि चरणारी जनावरं जिथे गवत आखूड ठेवतात तिथेच त्याला ऊन मिळतं.

बाप म्हणून या जातीवर संशय लवकरच आला. अमेरिकेत तिचा पांढऱ्या क्लोव्हरशी संकर करून पाहिला गेला आणि दोघांचं रक्त जवळचं असल्याचं दिसलं. आईसाठी भूमध्य समुद्राभोवतीच्या दोन-तीन जातींची नावं बरीच वर्षं पुढे येत राहिली. जेरुसलेमच्या झोहरी आणि हेलर यांनी 1984 साली 237 जातींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, पण त्यातलं वर्गीकरण बाह्यरूपावर उभं होतं, आणि इथे बाह्यरूपच चकवत होतं. निकाल लागला तो 2006 साली, डीएनएच्या आधारे सगळ्या वंशाची मांडणी नव्याने झाली तेव्हा. हरितलवकांचा डीएनए पांढऱ्या क्लोव्हरला आईकडूनच येतो. तो जुळला ‘ट्रायफोलियम पॅलेसेन्स’शी.

हे नाव कोणाच्या मनातही नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच. पॅलेसेन्स हे आल्प्स, पिरेनीजसारख्या पर्वतांतलं झाड. 2,000 मीटरच्या आसपास आणि त्याहूनही वर, मागे हटलेल्या हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांत ते उगवतं. त्या उघड्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या साहाय्याने तो हवेतून घेणारं हे झाड तिथे पहिल्या रहिवाशांपैकी असतं. खोलवर जाणारं सोटमूळ, पिवळसर पांढरी फुलं, आणि पेरांना मुळं फोडत सरपटण्याची सवय अजिबात नाही. एक समुद्र सोडत नाही, दुसरं बर्फाची कड सोडत नाही. यांची गाठ पडली कुठे?

त्याचं उत्तर 2019 साली न्यूझीलंड आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी जनुकसंचावरून मांडलं. हा संकर सुमारे 15,000 ते 28,000 वर्षांपूर्वीचा, म्हणजे गेल्या हिमयुगातला. तेव्हा हिमनद्या खाली उतरत होत्या आणि डोंगरातली झाडं त्यांच्यापुढे सखल भागात ढकलली जात होती. समुद्राची पातळीही आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती, किनारे पार वेगळे होते. त्या उलथापालथीत दोघांची वस्ती शेजारी आली. पुढे बर्फ वितळलं, आई डोंगरावर परतली, बाप किनाऱ्याने राहिला, आणि मूल मधल्या साऱ्या मुलखावर पसरलं. दोन्ही संच त्याच्यात अजून वेगवेगळे ओळखू येतात.

या मुलाची पुढची कहाणी बऱ्याच जणांनी लिहिली आहे. हॉलंडमध्ये त्याची लागवड झाली, तिथून बी इंग्लंडला गेलं, इटलीतल्या लोदीजवळ ‘लादिनो’ हा मोठ्या पानांचा वाण रुजला, वसाहतींबरोबर ते न्यूझीलंडला पोचलं आणि तिथल्या मेंढपाळीचा पाया झालं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शहरांमुळे सजीवांत काय बदल होतात हे तपासण्यासाठी, जगभरच्या संशोधकांनी एकच झाड निवडलं, तेही हेच. 160 शहरांत ते आपसूक वाढलेलं होतं.

आता पैदासकार पुन्हा मागे वळले आहेत. पांढरा क्लोव्हर कोरड्या उन्हाळ्यात लवकर मान टाकतो. म्हणून न्यूझीलंडमध्ये त्याचे रानटी नातलगांशी संकर केले जात आहेत. ज्या जातींचा त्याच्याशी थेट मेळ बसत नाही त्यांचे गुण आधी पश्चिमेकडच्या क्लोव्हरमध्ये आणायचे आणि मग त्याच्यामार्फत पांढऱ्यात, अशीही एक वाट आहे.