मुक्कामावरचें गार पाणी आणि ऊन पाणी

घर सोडून माळावर राहुटी ठोकणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशीं दोन गोष्टींची उणीव भासते. घरीं गार राहणारें अन्न तेथें दुपारपर्यंत आंबूं लागतें, आणि घरीं कळ फिरवितांच मिळणारें ऊन पाणी तेथें काटक्या गोळा करून मिळवावें लागतें. हल्लीं शहरांतील पुष्कळ तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं डोंगरांत मुक्कामास जातात व त्यांना ही अडचण नवी वाटते. वस्तुतः ती फार जुनी आहे. विजेच्या तारा येण्यापूर्वीं शेंकडों वर्षें आपले यात्रेकरू, व्यापारी आणि फौजा उघड्यावरच मुक्काम करीत. त्यांनीं हा प्रश्न कसा सोडविला, आणि त्यांच्या उत्तरांत कोणती एक उणीव राहिली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

यासाठीं वणीचें उदाहरण घेऊं. नाशिकहून उत्तरेस दिंडोरी ओलांडली कीं पुढें वणी लागतें. पलीकडे सातमाळ्याची रांग पसरली असून तिच्यावर सप्तशृंगीचा गड आहे. चैत्रांत रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर मोठी यात्रा भरते, आणि आश्विनांत नवरात्राची दुसरी. खानदेश हें देवीचें माहेर समजलें जातें. त्यामुळें धुळें, नंदुरबार व जळगांव या बाजूंकडून चैत्रांत लोकांचे जथेच्या जथे पायीं येतात. आतां गडावरील गांवापर्यंत मोटारीचा रस्ता आहे, आणि २०१८ सालापासून तेथून मंदिरापर्यंत रुळांवरील ट्रॉलीही चालते. तरीही पायीं येणाऱ्यांची रीत मोडलेली नाहीं. कित्येक दिवसांची वाट, डोक्यावर चैत्राचें ऊन आणि रात्रीं झाडाखालीं पथारी, असा हा प्रवास असतो.

अशा प्रवासांत अन्न गार कसें ठेवावें? आपल्या पूर्वजांचें पहिलें उत्तर असें कीं, ज्याला गारवा लागतो तें अन्न बरोबर घेऊंच नये. शिदोरीची सारी रचना या एका विचारावर उभी आहे. दशमीचें पीठ पाण्यांत न भिजवितां दुधांत भिजवितात आणि ती मंद आंचेवर चांगली भाजतात. सोंवळ्याओंवळ्याच्या दिवसांत पाणी न लागलेली म्हणून ती प्रवासांत चालत असे. आणि कोरडी भाजलेली असल्यामुळें भाकरीपेक्षां अधिक टिके. लाडू, भाजलेल्या धान्याचें सातूचें पीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तेलामिठांतलें लोणचें, या साऱ्यांचें मर्म एकच आहे. अन्न नासविणारे सूक्ष्म जीव पाण्यावांचून वाढत नाहींत. पाणी काढून घ्या, किंवा मीठ, साखर व आंबटपणा यांनीं तें जीवांच्या कामास न येईल असें करा, म्हणजे गारव्याचें काम बव्हंशीं भागतें. ओलें अन्न पहिल्या दिवशीं, दशम्या नंतर आणि लाडू-सातू शेवटीं, हा शिदोरीचा क्रम शास्त्राच्या पुस्तकांतून आलेला नाहीं. तो अनुभवानें ठरला आहे.

पाण्याची गोष्ट निराळी. तें वाळवून नेतां येत नाहीं, आणि चैत्रांतील दुपारीं कोमट पाण्यानें तहानही भागत नाहीं. येथें दुसरें उत्तर आलें: पाण्याचाच थोडा भाग देऊन उरलेलें पाणी गार करणें. मातीचा घट, कातड्याची पखाल आणि जाड कापडाची छागल हीं सर्व पाझरणारीं भांडीं आहेत. पाझरलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातें, आणि वाफ होतांना लागणारी उष्णता तें आंतील पाण्यांतून ओढून घेतें. एक ग्रॅम पाणी असें उडालें कीं सुमारें ५८० उष्मांक नेतें. हिशेब करून पाहा: १० लिटरच्या घटांतून १०० ग्रॅम पाणी उडालें, आणि बाहेरची उष्णता आंत शिरली नाहीं, तर उरलेलें पाणी जवळजवळ ६ अंश उतरतें. एक पेलाभरही पाणी न गमावितां हा लाभ होतो.

या युक्तीला मर्यादाही आहे. हवा जितकी कोरडी, तितका घट गार. म्हणून चैत्रांत घट जें काम करतो, तें पावसाळ्याच्या ओल्या हवेंत करीत नाहीं. त्याला नवा घट आणला तरी उपाय नाहीं. घट सांवलींत पण वाऱ्यावर ठेवावा, ही घरोघरची शिकवण याच नियमांतून निघाली आहे. दुधाचें किंवा लोण्याचें भांडें पाण्याच्या परातींत ठेवून त्यावर ओलें फडकें टाकणें, हाही त्याचाच विस्तार. या जुन्या विद्येला जगांत अलीकडे पुन्हां मान मिळाला आहे. नायजेरियांतील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानें १९९५ च्या सुमारास एका मडक्यांत दुसरें मडकें ठेवून मधें ओली वाळू भरली, आणि भाजीपाला टिकविण्याचें साधन गरिबांच्या हातीं दिलें. आपल्या शेजारीं गुजराथेंत वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती या कुंभारानें विजेवांचून चालणारें मातीचें शीतकपाट घडविलें. तत्त्व मात्र आपल्या परातीचेंच.

यात्रेकरूंची ही रीत झाली. फौजेच्या मुक्कामाची रीत पाहूं लागलों तर दोन टोकें दिसतात, आणि वणीच्या परिसरांत तीं दोन्हीं एकदां समोरासमोर आलीं. सुरतेवरील दुसऱ्या स्वारीहून शिवाजीमहाराज परतत असतां १७ ऑक्टोबर १६७० रोजीं वणी-दिंडोरीजवळ मोंगल सरदार दाऊदखान कुरेशी याच्याशीं त्यांची लढाई झाली व तींत मराठ्यांचा जय झाला. मोंगली छावणी म्हणजे चालतें शहर. तिच्या थाटाची कल्पना अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’वरून येते. पाणी गार करण्यासाठीं बादशहाचा स्वतंत्र आबदारखाना असे. शेरभर पाणी जस्ताच्या किंवा रुप्याच्या सुरईंत भरून तिचें तोंड बंद करीत. दुसऱ्या भांड्यांत अडीच शेर सोरा व पांच शेर पाणी घालून त्या मिश्रणांत ती सुरई पाव तासाच्या आसपास फिरवीत, कीं आंतील पाणी गार होई. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो, हें त्याचें कारण. जो सोरा बंदुकीच्या दारूंत आग ओकतो तोच पाण्याला गारवा देतो, याचें अबुल फजलालाही कौतुक वाटलें होतें.

परंतु शेरभर पाण्याला अडीच शेर सोरा, हें गणित बादशहाला परवडणारें. शिवशाहीच्या अठरा कारखान्यांच्या यादींत आबदारखान्याचें नांव आहे. तरी मराठी घोडदळाची ख्याती सरंजामाबद्दल नव्हती, हलकेपणाबद्दल होती. ज्याला डोंगरवाटांनीं झपाट्यानें जावयाचें, त्यानें गारव्याचें ओझें वाहून चालत नाहीं. या बाबतींत मावळा आणि यात्रेकरू एकाच पंथाचे.

पुढें इंग्रजी अमदानींत परदेशचा बर्फ आला. अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ भुशांत बांधून १८३३ सालीं कलकत्त्यास व १८३४ सालीं मुंबईस गलबतानें उतरला. चार महिन्यांचा समुद्रप्रवास करूनही बर्फ शिल्लक राहिला, तो केवळ वेष्टनाच्या गुणानें. हा गुण लक्षांत ठेवावा. कारण ऊन पाण्याच्या प्रश्नालाही तोच उपयोगीं पडतो.

ऊन पाणी करणें सोपें. तें राखणें अवघड. नाशिकची तांब्यापितळेचीं भांडीं प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत घरोघर मानाचें भांडें म्हणजे बंब. त्याच्या मधोमध नळी असते. नळींत विस्तव आणि भोंवतीं पाणी. आंच बाहेर न जातां पाण्यालाच लागते, हें त्याचें चातुर्य. पण बंब घरचा. पायीं चालणाऱ्याची मदार तीन दगडांच्या चुलीवर. तेथें स्वैंपाक उरकल्यावर निखाऱ्यांवर पाण्याचें भांडें सारून ठेवणें, किंवा दुपारच्या उन्हांत पाणी ठेवून संध्याकाळीं तें पायांवर घेणें, या काटकसरीनें काम भागे. गेलेली उष्णता परत येत नाहीं, पण जाणारी अडवितां येते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत नॉर्वेची एक पेटी मांडली होती. उकळतें भांडें तिच्या जाड अस्तरांत ठेवलें कीं विस्तवावांचून अन्न शिजत राही. १९१० सालीं कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनीं ‘इकमिक कुकर’ काढला, आणि थोड्या कोळशावर सारा स्वैंपाक करणारें तें भांडें प्रवासी कुटुंबांचें सोबती झालें. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दोन भिंतींच्या मधली हवा काढलेली बाटली केली ती अतिशीत द्रव राखण्यासाठीं. १९०४ च्या सुमारास जर्मनींत तिचा ‘थर्मॉस’ झाला आणि ती चहा ऊन राखूं लागली. उष्णता आंत येऊं न देणारी भिंत उष्णता बाहेरही जाऊं देत नाहीं.

आतां त्या उणिवेकडे वळूं. आपल्या लोकांनीं पाणी गार केलें, पण गार पाणी म्हणजे निर्मळ पाणी नव्हे. एकोणिसाव्या शतकांत पटकीची सांथ यात्रांच्या वाटांनीं गांवोगांव पसरत असे. देवीच्या नांवानें निघालेलीं माणसें वाटेंतल्या ओढ्याचें, कुंडाचें पाणी घटांत भरून पीत. तें जिभेला गोड लागे आणि कित्येकांचा घात करी. दोष घटाचा नव्हता. १८५४ सालीं लंडनमध्यें जॉन स्नो यानें पटकी पाण्यांतून येते हें दाखविलें, आणि १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास तिचा जंतु निश्चित केला. तोंपर्यंत तहान भागविणारें पाणी आणि प्राण घेणारें पाणी ओळखण्याचें साधनच कोणापाशीं नव्हतें. ऊन पाणी अंगावर घ्यावयाचें आणि गार पाणी प्यावयाचें, अशी विभागणी ठरून गेलेली. पिण्याचें पाणी आधीं उकळावें, हें सरपणाच्या टंचाईंत कोणाला सुचावें?

म्हणून आज मुक्कामास जाणाऱ्यानें जुन्या दोन विद्या वेगळ्या न ठेवतां जोडून घ्याव्या. संध्याकाळीं चूल पेटली कीं प्रथम पिण्याचें पाणी खळखळून मिनिटभर उकळावें. त्यांतलें थोडें थर्मॉसमध्यें भरावें. तें पहाटेच्या चहाला पुरेल. बाकीचें निवल्यावर स्वच्छ घटांत ओतावें, घटावर झांकण ठेवावें, आणि पाणी घेण्यास हात न बुडवितां लांब दांड्याचें ओगराळें वापरावें. चैत्राच्या रात्रीं सातमाळ्यावरून वारा सुटतो. उजाडेपर्यंत घट गार झालेला असतो, आणि तें पाणी लहान मुलालाही निर्धास्तपणें देतां येतें.