गिअर बदलणे हा कमकुवतपणा मानला जात होता तेव्हा

१/ सायकलला गिअर असावेत की नसावेत, या प्रश्नावर फ्रान्समध्ये दीर्घकाळ वाद झाला. एका बाजूला ‘टूर डी फ्रान्स’चे जनक आणि एका क्रीडा दैनिकाचे बलाढ्य संपादक होते, दुसऱ्या बाजूला साँ-एतियेन शहरातील एक सायकल दुकानदार. त्या दुकानदाराची ही कथा.

२/ पॉल द व्हिवी यांचा जन्म १८५३ सालचा. व्यवसाय रेशमाचा. १८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली, तीही पुढचे चाक प्रचंड आणि मागचे इवलेसे असणारी. पुढे या छंदाने व्यवसायालाच गिळले. १८८७ मध्ये त्यांनी रेशमाचा धंदा सोडला, सायकलचे दुकान थाटले आणि सायकलस्वारांसाठी नियतकालिक सुरू केले. त्यात ते ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत. याच नावाने ते इतिहासात उरले.

३/ स्थळही अनुकूल होते. साँ-एतियेन हे कोळशाचे, बंदुकांचे आणि रेशमी फितींचे शहर. लोखंडाला अचूक आकार देणारे कारागीर तेथे गल्लोगल्ली होते. त्याच शहरात सायकल उद्योग रुजला. १८८९ पासून वेलोसियोंची ‘ला गोलुआझ’ ही सायकल तयार होऊ लागली.

४/ शहराच्या दक्षिणेला घाट आहे. त्याचा माथा, ‘ग्रां ब्वा’, समुद्रसपाटीपासून १,१६१ मीटर उंच. म्हणजे शहरापासून सहाशे मीटरहून अधिक चढण. वेलोसियोंची ही नेहमीची वाट आणि हीच त्यांची प्रयोगशाळा. असे सांगतात की, एकदा ते घामाघूम होऊन हा घाट चढत असता त्यांच्याच नियतकालिकाचा एक वाचक तोंडात पाइप ठेवून त्यांना मागे टाकून गेला. त्या वाचकाच्या सायकलचा गिअर हलका होता, एवढेच.

५/ यामागचे गणित साधे आहे. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक तीन वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेसहा मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. चढावर मात्र गुडघे बोलू लागतात. पुढे ३२ आणि मागे २४ दाते घेतले, तर एका फेरीत जेमतेम तीन मीटर अंतर कापले जाते, पण पायावरचा भार निम्म्याहून कमी होतो. प्रश्न एवढाच होता : एकाच सायकलवर दोन्ही कसे बसवायचे?

६/ वेलोसियोंनी पुढे दोन चक्रे शेजारी शेजारी बसवली. घाट लागला की खाली उतरायचे, बोटांनी चेन उचलून लहान चक्रावर घालायची आणि तेलाने काळे झालेले हात पुसून पुन्हा स्वार व्हायचे. मग सायकलच्या दुसऱ्या अंगालाही चक्रे आणि चेन आली. प्रत्येक नवी जुळणी आधी घाटावर तपासायची आणि तिचे गुणदोष नियतकालिकात छापायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यातूनच त्यांच्याभोवती जोडणी-मोडणी करणाऱ्या सायकलस्वारांचे वर्तुळ तयार झाले.

७/ १९०२ मध्ये डोंगराळ मार्गावरील एका चाचणीत मार्त एस या महिलेने तीन गिअरची ‘गोलुआझ’ चालवत एदुआर फिशर या नामांकित स्पर्धकाला हरवले. फिशर यांच्या सायकलला एकच गिअर होता. स्नायू कोणाचे बळकट होते, याविषयी कोणाला शंका नव्हती. जिंकले ते यंत्र आणि ते वापरण्याची अक्कल.

८/ ‘लोतो’ दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांना हे रुचले नाही. बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक. खरा विजय यंत्राच्या युक्तीने नव्हे, स्नायूंच्या बळावर मिळवावा, असे त्यांचे मत. १९०३ मध्ये त्यांनी ‘टूर डी फ्रान्स’ सुरू केली. त्या पहिल्याच शर्यतीचा मार्ग वेलोसियोंच्या घाटावरून गेला! नंतरच्या काळात तर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रे लावत आणि घाटाच्या पायथ्याशी थांबून अख्खे चाक काढून उलटे बसवत.

९/ हा वाद दातेरी चक्रांपुरता नव्हता. देग्रांज यांच्यासाठी सायकल ही माणसाच्या सहनशक्तीची कसोटी होती. वेलोसियोंसाठी ती सामान्य माणसाला डोंगरापलीकडे नेणारे साधन. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दिखाव्यासाठी कधीच पेडल मारू नये, असा त्यांचा उपदेश. ते स्वतः शाकाहारी होते आणि वय वाढले तरी लांबचे प्रवास करत राहिले.

१०/ १९३० मध्ये सायकल हाती धरून रस्त्यातून जात असता ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. १९३६ मध्ये देग्रांज यांनी शर्यतीची सूत्रे सोडली आणि १९३७ मध्ये स्पर्धकांना चालत्या सायकलवर गिअर बदलण्याची मुभा मिळाली. त्या वर्षीचे विजेते रोजे लापेबी यांच्या सायकलला गिअर बदलणारे यंत्र होते. ते पाहायला वेलोसियो नव्हते. ग्रां ब्वाच्या माथ्यावर त्यांचे स्मारक मात्र आहे. तेथवर पोहोचायला आजही सहाशे मीटर चढावेच लागते. फक्त त्यासाठी आता सायकलवरून उतरावे लागत नाही.