अर्देशीर : ऋत आणि क्षत्र यांचे इराणी नाव

रुस्तुम, सोहराब, जमशेद, फिरोज ही इराणी पुरुषनामे मराठी कानांना परकी वाटत नाहीत. त्यांच्या मानाने ‘अर्देशीर’ हे नाव आज विरळ झाले असून त्याचा अर्थ ते धारण करणाऱ्या घराण्यांतही क्वचितच सांगितला जातो. वस्तुतः संस्कृतची तोंडओळख असलेल्या वाचकाला हे नाव उलगडणे अवघड जाऊ नये. प्राचीन पारशी भाषेत, म्हणजे हखामनी सम्राटांच्या कीलाक्षरी लेखांच्या भाषेत, त्याचे रूप ‘अर्तख्शस्सा’ असे काहीसे होते आणि ते ‘अर्त’ व ‘ख्शस्स’ या दोन पदांचे बनलेले आहे. पैकी ‘अर्त’ म्हणजे वेदातले ‘ऋत’, सृष्टीची आणि आचरणाची सत्यावर उभी असलेली व्यवस्था. आणि ‘ख्शस्स’ म्हणजे वैदिक ‘क्षत्र’, अर्थात सत्ता किंवा राज्य. ज्याचे राज्य ऋताच्या आधाराने चालते तो, असा या सामासिक नामाचा अर्थ अभ्यासक लावतात.

ही दोन्ही पदे इराणी परंपरेत अन्यत्रही टिकून आहेत. जरथुष्ट्री पंचांगातील दुसऱ्या महिन्याचे ‘अर्दिबेहेश्त’ हे नाव ‘सर्वश्रेष्ठ ऋत’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचे झिजलेले रूप असून त्यातला ‘अर्द’ आणि अर्देशीरमधला ‘अर्द’ एकच. ‘क्षत्र’ या पदाचा प्रवास याहून रंजक आहे. अवेस्तातील ‘ख्शथ्र’ या त्याच्या भावंडाचा अर्थ राज्य. पहलवी भाषेत, म्हणजे सासानी काळाच्या मध्ययुगीन पारशी भाषेत, त्याचे ‘शहर’ झाले, तेव्हाही अर्थ देश किंवा राज्य असाच होता, आणि पुढे फारसीत तो आकुंचन पावून नगरापुरता उरला. मराठी माणूस रोज उच्चारतो तो ‘शहर’ हा शब्द अशा रीतीने क्षत्रियांच्या ‘क्षत्रा’चाच इराणमार्गे परतलेला आप्त ठरतो.

इतिहासात हे नाव प्रथम प्रकर्षाने दिसते ते सिंहासनावर. इ.स.पू. 465 ते 424 या काळात राज्य करणाऱ्या हखामनी सम्राटापासून त्या घराण्यात या नावाचे तीन प्रमुख राजे झाले. त्यांपैकी दुसऱ्याचे जन्मनाव अर्सेस व तिसऱ्याचे ओखस होते आणि ‘अर्तख्शस्सा’ हे नाव त्यांनी राज्यारोहणाच्या वेळी धारण केले होते. अर्थात हे मुळात बारशाचे नव्हे तर अभिषेकाचे नाव. अलेक्झांडरपुढे पळत सुटलेल्या तिसऱ्या दारयवहूचा (दारयुशचा) घात करणाऱ्या बेस्सस या क्षत्रपाने स्वतःला सम्राट म्हणवून घेताना हेच नाव घेतले, यावरून त्याचे राजकीय वजन कळते.

ग्रीकांनी त्याचे ‘अर्तक्सर्क्सीस’ केले. या रूपात ‘क्सर्क्सीस’ या दुसऱ्या राजनामाची छाया पडली आहे, कारण त्या नावाचे मूळ ‘ख्शयार्शा’ असून त्याचा ‘ख्शस्स’शी पदशः संबंध नाही, परंतु हिरोडोटसनेही दोहोंची सांगड घालून एकाचा अर्थ ‘योद्धा’ तर दुसऱ्याचा ‘महायोद्धा’ असा देऊन टाकला, आणि इतिहासाच्या त्या जनकाचा शब्द पुढे शतकानुशतके प्रमाण मानला गेला. हिब्रू बायबलातील एज्रा व नहेम्या या पुस्तकांत भेटणारा ‘अर्तहशश्त’ तोच. आर्मेनियात त्याचे ‘अर्ताशेस’ झाले, इ.स.पू. दुसऱ्या शतकारंभी त्या नावाच्या राजाने अर्ताशात ही राजधानी वसवली.

हखामनी साम्राज्य बुडाल्यावर नाव मात्र बुडाले नाही. दक्षिण इराणातील पार्स म्हणजे आजच्या फार्स प्रांतात ग्रीक व पुढे पार्थियन सत्तेखाली जे स्थानिक राजे नांदत होते, त्यांच्या नाण्यांवर ते अधूनमधून उमटत राहिले. याच प्रांतातील पापकाचा मुलगा अर्दख्शीर याने इ.स. 224 मध्ये होर्मोझ्दगानच्या लढाईत शेवटचा पार्थियन सम्राट अर्दवान याला ठार करून सासानी साम्राज्याची स्थापना केली. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस मुकुटधारी मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस धगधगती अग्निवेदी असून, मझ्दाचा उपासक, इराणच्या राजांचा राजा अशी बिरुदे त्याच्या नावासोबत कोरलेली आहेत. नक्श-ए-रुस्तुमच्या कड्यावरील शिल्पात तो घोड्यावर बसून अहुर मझ्दाकडून राजचिन्हाचे कडे स्वीकारतो, त्याच्या घोड्याच्या पायाखाली पराभूत अर्दवान पडलेला आहे, आणि ओळख पटवणारा लेख तीन भाषांत आहे. त्याने वसवलेल्या वर्तुळाकार नगराचे ‘अर्देशीर-ख्वर्रा’, म्हणजे अर्देशीरचे राजतेज, हे नाव पुढे लोपले. आज ते स्थळ फिरुझाबाद म्हणून ओळखले जाते.

त्याच्यानंतर सासानी घराण्यात या नावाचे आणखी दोनच राजे झाले. त्यांतला तिसरा अर्देशीर 628 मध्ये कोवळ्या वयात गादीवर बसवला गेला आणि 630 मध्ये मारला गेला. त्यानंतर दोनेक दशकांतच साम्राज्य अरबांच्या हाती गेले.

नाव राहिले, अर्थ हरपला, आणि रिकाम्या जागी लोकव्युत्पत्ती शिरली. फारसीत ‘आर्द’ म्हणजे पीठ व ‘शीर’ म्हणजे दूध, तेव्हा अर्देशीर म्हणजे दूध आणि पीठ, असा एक अर्थ लावला गेला. सम्राटाच्या नावाची अशी खीर होणे गमतीचे खरे, पण शब्दाला अर्थ हवाच असतो. दुसरी उपपत्ती अधिक रुबाबदार होती आणि म्हणून अधिक टिकली : ‘शीर’ म्हणजे सिंह, सबब अर्देशीर म्हणजे क्रुद्ध सिंह. ही उपपत्ती आधुनिक इराणी उच्चारावर उभी आहे. जुन्या फारसीत दूध ‘शीर’ व सिंह ‘शेर’ असे दोन निराळे स्वर होते, जे इराणमध्ये पुढे एक झाले. भारतात आलेल्या फारसीने मात्र ते वेगळे राखले, म्हणून ‘शीरखुर्मा’ आणि ‘शेर’ यांत येथे कोणाचा घोटाळा होत नाही. ‘अर्दख्शीर’मधील स्वर दीर्घ ‘ई’ आहे, त्यामुळे सिंहापेक्षा खिरीचाच दावा निदान उच्चारापुरता बळकट ठरतो. व्युत्पत्ती म्हणून अर्थातच दोन्ही त्याज्य आहेत.

इस्लामोत्तर काळात हे नाव एकदम नाहीसे झाले नाही. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’ने पापकपुत्राची कथा घरोघर पोहोचवली, बगदादमध्ये दहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथालय स्थापन करणारा बुवैही वजीर साबूर हा कोणा अर्देशीरचाच मुलगा होता, आणि कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील तबरिस्तानात बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नावाचा एक राजाही होऊन गेला. तरीही सर्वसाधारण समाजात अरबी नावांची रीत रुळत गेली आणि अर्देशीर मुख्यतः यझ्द व किरमान येथील जरथुष्ट्री वस्त्यांत उरले. किरमानच्या अशाच एका अर्देशीर नावाच्या जरथुष्ट्री पंडिताला अकबराच्या दरबारात बोलावण्यात आले होते, आणि 1608 मध्ये पूर्ण झालेल्या ‘फरहंग-ए-जहांगीरी’ या फारसी कोशातील प्राचीन शब्दांच्या कामी त्याची मदत झाली.

गुजरात व मुंबईच्या पारशी समाजात हे नाव ‘अरदेशर’ या गुजराती वळणाने रुजले. तेथे आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल आहे. शिवाय दिवंगतांसाठीच्या विधींत कुटुंबातील मृतांची नावे वाचण्याची, ‘नामग्रहण’ या संस्कृत संज्ञेनेच ओळखली जाणारी प्रथा आहे, आणि नाव पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर राहण्यास या दोन्हींचा हातभार लागला. या टप्प्यावर राजनामाची सामाजिक जागाच बदलली. मुंबईच्या जहाजबांधणीतील वाडिया घराण्याचे अर्देशीर कर्सेटजी (1808–1877) हे 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले, आणि माझगावातील आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून त्यांनी शहराला चकित केले. वकिली सोडून 1897 मध्ये कुलुपे बनवू लागलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. 1965 च्या युद्धात रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडलेले परमवीर चक्रविजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या आडनावात आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर आहे. मूळ पहलवी ‘कारनामग’, म्हणजे पापकपुत्राचे अद्भुतरम्य चरित्र, हेही 1896 पासून मुंबईच्या पारशी विद्वानांनी संपादून छापले.

इराणमध्ये या नावाला नवी झळाळी आली ती विसाव्या शतकात, पहलवी राजवटीत, जेव्हा सक्तीची ओळखपत्रे आणि राष्ट्रवाद यांच्या संयोगाने इस्लामपूर्व नावे प्रतिष्ठेची झाली. परंतु दारयुश व कोरुश यांच्याइतकी ओढ त्याच्या वाट्याला आली नाही. ती दोन्ही हखामनी नावे पाश्चात्त्य इतिहासलेखनाने जगभर पोहोचवली होती, तर अर्देशीरची ओळख घरच्या कथा आणि नाण्यांपुरती मर्यादित होती. शिवाय त्यातील राजेशाही भार बोलीच्या लाडक्या रूपांत सहज उतरत नाही. मुंबईत त्याचे ‘आदी’ झाले, हे त्या दृष्टीने सोयीचेच.

1886 मध्ये पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांनी 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकवला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या इम्पीरियल कंपनीत, अब्दुलहुसैन सेपंता या इराणी लेखकाच्या साथीने, ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी भाषेतला पहिला बोलपट तयार झाला आणि तेहरानमध्ये गर्दी खेचून गेला; इराणच्या पडद्यावर फारसी कथा प्रथम बोलती झाली ती मुंबईतल्या एका अर्देशीरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन.